नको म्हणायची रीत

डॉक्टरांनी ताईंचं नाव सुचवलं आणि साहेबांनी एका दमात "मान्य" म्हटलं, तिथेच डॉक्टरांना पहिल्यांदा काहीतरी खटकलं. कारण साहेब पक्षाचे नेते, आणि पक्षाच्या बैठकीत ते कधी कुणाचं पहिल्या झटक्यात ऐकत नसत. पंखा लावू का असं विचारलं तरी त्यांना आधी विचार करावा लागे. आणि इथे प्रश्न अख्ख्या सभागृहाच्या अध्यक्षपदाचा! नाव सुचवणारे कोण? तर चौथ्या रांगेतले, तीन निवडणुका जिंकूनही एक धड भाषण न केलेले, ज्यांना सगळे पाठीमागे "ढोरांचे डॉक्टर" म्हणतात ते. आणि साहेब म्हणतात, "वा, डॉक्टर! अगदी माझ्या मनातलं बोललात. प्रस्तावही उद्या तुम्हीच मांडा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर लाजले, हसले, आणि खाली बसता बसता त्यांच्या मनात आलं, हे इतकं सोपं कसं झालं?

पण मनात आलेलं सगळंच माणूस मनावर घेत नाही. डॉक्टरांनी मुकाट चष्मा पुसला. आनंदही झाला होता, खोटं कशाला बोला? ताई आणि ते पहिल्या दिवसापासून एकाच बाकावर बसत आले होते. ताई म्हणजे खाणीवरच्या दवाखान्यातल्या पूर्वीच्या नर्स. दगड फोडणाऱ्या माणसांचं खोकणं ऐकत त्यांची अर्धी हयात गेली होती, आणि नवराही त्याच खोकल्यानं गेला होता. त्या निवडून आल्या त्याच मुळी एक विधेयक उराशी धरून. दगडाच्या प्रत्येक गिरणीवर पाण्याचे फवारे लावा, आणि ज्याची फुफ्फुसं धुळीनं गेली त्याच्या औषधपाण्याचा खर्च मालकानं द्यावा. बस्, एवढंच. पण साध्या सदस्यांच्या विधेयकांची आमच्या या सभागृहात चिठ्ठी काढतात, आणि ताईंची चिठ्ठी काही केल्या निघत नव्हती. दर अधिवेशनाला ताई म्हणायच्या, "डॉक्टर, यंदा निघणार बघा." आणि दर अधिवेशनाला कुणाच्या तरी पुतळ्याचं किंवा शाळांच्या घंटांचं विधेयक निघायचं.

यंदा निघाली. पहिलीच. अध्यक्षांची निवड झाली की लगेच पुढचा विषय ताईंचा.

म्हणून तर डॉक्टरांना ही कल्पना सुचली होती. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे जुने अध्यक्ष पायउतार झाले होते आणि खुर्ची रिकामी होती. डॉक्टरांचा हिशेब अगदी सरळ होता: ताई खुर्चीत बसल्या, की अध्यक्षांच्याच विधेयकाला नाही म्हणायची कुणाची छाती होणार? लोण्यातून सुरी जावी तसं मंजूर होईल. नियमांचं जाडजूड पुस्तक त्यांच्याकडे होतं. पण ते घरी कपाटाचा एक पाय उचलून धरायला लावलेलं होतं, आणि बाकीच्या सदस्यांकडची पुस्तकंही असल्याच कुठल्या कामाला लागलेली होती. चांगल्या माणसांची हीच तर गंमत असते. भलं करायला निघताना ती कधी वाट विचारत नाहीत.

संध्याकाळी ताई डॉक्टरांच्या घरी आल्या. चप्पल काढली नाही तोच म्हणाल्या, "डॉक्टर, मला नको."

डॉक्टर हसले. डॉक्टरांची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, तीही हसली.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल ही माणसं काय निर्दय आहेत! अध्यक्षपद नको म्हणायची या सभागृहाची जुनी रीत होती. ज्याचं नाव सुचवलं त्यानं आधी घरोघर जाऊन नको म्हणायचं. मग सभागृहात निवड झाल्यावर उभं राहून म्हणायचं, "माझी एवढी योग्यता नाही, मला माझ्या बाकावरच राहू द्या." मग प्रस्ताव मांडणाऱ्यानं उजवा हात धरायचा, विरोधी पक्षनेत्यानं डावा, आणि त्याला ओढत नेऊन खुर्चीत बसवायचं. तो मागे ओढ घेणार, बाकं वाजणार, सगळे हसणार. गुडघ्यांवाल्या अध्यक्षांनी तर आपल्या वेळी खांबालाच मिठी मारली होती, चौघांनी सोडवलं तेव्हा सुटले. मागाहून कळलं, महाशयांनी नवा कोट आधीच शिवून ठेवला होता. तेव्हापासून इथे जो जितक्या जोरात नको म्हणेल, त्याला तितकी घाई आहे असं धरून चालत.

"साहेबांकडेही जाऊन आले," ताई म्हणाल्या. "त्यांना म्हटलं, मला नको. तर हसले. म्हणाले, ताई, हे आज कशाला, उद्या सभागृहात म्हणायचं."

"बरोबरच बोलले की," डॉक्टर म्हणाले.

"अहो, मी रीतीचं बोलत नाहीये. अध्यक्षाला भाषण करता येत नाही, मत देता येत नाही. मला बोलायचंय, डॉक्टर. त्या खाणवाल्यांच्या तोंडावर बोलायचंय. इतकी वर्षं कशासाठी थांबले मी?"

"ताई, खुर्चीवरच्या माणसाला बोलावं कशाला लागतं? त्यानं नुसतं बघितलं तरी समोरच्याची बोबडी वळते. बसा तर खरं. चहा घ्या."

ताई म्हणाल्या, "तुम्हीपण?" आणि वळून निघाल्या. चहा तसाच राहिला.

दार लागल्यावर बायको कप उचलत म्हणाली, "अहो, त्या खरंच नको म्हणत होत्या."

"छे गं! तुला आमच्याकडची रीत ठाऊक नाही."

"रीत गेली चुलीत. मला माणूस कळतो ना? बाई रडवेली झाली होती."

"अगं, सगळेच होतात. खांबाला मिठी मारणारे तर ढसाढसा रडले होते."

"त्यांनी कोट शिवला होता. यांनी शिवलाय का?"

डॉक्टर उठले. मग उगाच खिडकी उघडून आले, उगाच लावून आले. मग ताईंना फोन लावला, तर तो लागेना. लागेल कसा? अख्खं गाव अभिनंदन करत असणार. परत लावला, परत तेच. जेवताना घास तोंडात फिरायला लागला. डॉक्टर स्वतःला समजावत होते की अरे बाबा, तू चांगलंच केलंस. पण ज्याला खात्री असते तो काही जेवताना स्वतःची समजूत घालत बसत नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, सकाळी गाठून स्पष्ट विचारायचं आणि एका वाक्यात सोक्षमोक्ष लावायचा.

सकाळी गाठायला गेले तर तिथेही रीत आडवी आली. ज्याचं नाव असतं त्यानं त्या दिवशी सगळ्यात मागच्या एकट्या बाकावर बसायचं, आणि निवड होईपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. वशिला नको म्हणून कुणा शहाण्यानं घातलेला नियम. दाराच्या काचेतून डॉक्टरांना ताई दिसल्या. भिंतीकडेच्या बाकावर ताठ बसलेल्या होत्या, मांडीवर विधेयकाचे कागद होते, आणि त्यातल्या एका कागदाचा कोपरा त्या दुमडत होत्या, परत सरळ करत होत्या. डॉक्टरांनी दार ढकललं तर दारावरच्या शिपायानं अदबीनं हात आडवा केला.

"आत्ता नाही, साहेब. नंतर बोला की पोटभर."

तेवढ्यात मागून पाठीवर थाप पडली. पक्षाचे प्रतोद. म्हणजे कुणी कुठे बसायचं, कुणाला मत द्यायचं हे सगळ्यांना बजावत हिंडणारा माणूस. गडी खुशीत होता.

"मानलं तुम्हाला, डॉक्टर! आम्ही इतके दिवस डोकं खाजवत होतो, की त्या धुळीच्या विधेयकाचं करायचं काय? विरोधात मत द्यावं तर पेपरवाले ओरडणार, बाजूनं द्यावं तर साहेबांचे साडू खाणीवाले. आणि तुम्ही एका नावात काम करून टाकलंत. सुंठीवाचून खोकला गेला!"

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? अध्यक्षाला विधेयक मांडता येत नाही. आणि चिठ्ठी ज्याच्या नावानं निघाली त्याच्याशिवाय दुसऱ्याला ते मांडता येत नाही. पुकारा होणार, मांडणारा बाकावर नसणार, विधेयक बाद. परत आणायचं तर परत चिठ्ठी, परत पाच-सात वर्षं. तुम्हाला ठाऊक नव्हतं?" प्रतोदांनी डोळे बारीक केले आणि मग मोठ्यानं हसले. "नाही हो, ठाऊक असणारच! मुरलेले आहात."

डॉक्टरांना आता कळलं. हात दाखवून अवलक्षण! खोकल्यानं मेलेल्या माणसाच्या बायकोचा गळा दाबायला त्यांनी स्वतःच्या हातानं दोरी आणून दिली होती, आणि वर टाळ्या घेतल्या होत्या.

ते धावत साहेबांच्या खोलीत गेले. साहेब आरशासमोर उभे राहून टाय नीट करत होते.

"साहेब, ताईंना खरंच नकोय. मला नियम माहीत नव्हता. आपण नाव बदलू या."

"आता?" साहेबांनी आरशातूनच विचारलं. "विरोधकसुद्धा तयार आहेत. ताई सगळ्यांवर सारख्याच ओरडतात, म्हणून सगळ्यांना हव्यात. एकमतानं होतंय, डॉक्टर, एकमतानं!"

"पण त्यांचं विधेयक..."

"विधेयकं काय, येतात, जातात." साहेब वळले. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट होतं. "प्रस्ताव तुमचा आहे. त्या खुर्चीत बसेपर्यंत तुमचाच असतो, तोवर मागे घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. आजवर कुणी घेतलेला नाही. तुम्ही घ्या खुशाल. फक्त त्यानंतर कुठल्या पक्षाच्या बाकावर बसणार तेवढं ठरवून ठेवा."

डॉक्टर बाहेर आले तेव्हा घंटा वाजत होती.

या घंटेपासून पुढचं सगळं डॉक्टरांना तापातल्या माणसासारखं आठवतं. इकडे आड तिकडे विहीर. मांडूच नये? मग प्रतोद आहेतच मांडायला, एका मिनिटात दुसरा उभा करतील. आणि त्या प्रस्तावावर आपला काहीच हक्क राहणार नाही. मांडावा आणि मग मागे घ्यावा? हां, हे जमेल. आधी मांडायचा, आणि ताई नको म्हणाल्या की लगेच उठून म्हणायचं, मी प्रस्ताव मागे घेतो. चार शब्द. चार शब्द बोलायला काय वाघाचं काळीज लागतं? डॉक्टर ते चार शब्द मनात घोळवत राहिले. शेजारची ताईंची जागा रिकामी होती.

सगळ्यात वयस्कर सदस्य तात्पुरते खुर्चीत बसले होते. त्यांनी पुकारलं तसे डॉक्टर उठले आणि कागदावरचं वाचलं, "मी प्रस्ताव मांडतो की ताईंना या सभागृहाच्या अध्यक्षपदी निवडण्यात यावं." आवाज कापला. सगळ्यांना वाटलं, भावनेनं कापला. विरोधी बाकावरून कुणीतरी अनुमोदन दिलं. "होय"चा एकच कल्लोळ झाला. "नाही" म्हणणारा कुणीच नव्हता.

ताई उठल्या.

"माझी एवढी योग्यता नाही," त्या म्हणाल्या. "मला माझ्या बाकावरच राहू द्या."

बाकं धडाधड वाजली. रीतसर झालं सगळं.

"नाही, ऐका," ताई म्हणाल्या. "मी खरंच सांगतेय. मला ही खुर्ची नको. माझं विधेयक आहे आज. मला ते मांडायचंय."

बाकं वाजायची थांबली. डॉक्टरांना वाटलं, कळलं यांना! आणि पुढच्याच क्षणी अख्खं सभागृह खो खो हसायला लागलं. कुणी ओरडलं, "वा, ताई! खांबापेक्षा भारी!" कुणी डोळे पुसत होतं. कुणीतरी म्हणालं, विधेयकाचं निमित्त, हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं. साहेब सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

आता. डॉक्टर, आता. ते उठले. तोंड उघडलं. पण ते उठलेले पाहून सगळ्यांना वाटलं, हात धरायलाच निघाले. आणि प्रतोदांनी मागून हलकेच ढकललं, विरोधी पक्षनेते समोरून हसत आले, आणि डॉक्टर चालायला लागले. पाय त्यांचेच होते, दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोय नाही.

त्यांनी ताईंचा उजवा हात धरला.

ताईंनी मागे ओढ घेतली. बाकं वाजली. जन्मभर डॉक्टरांनी अडलेली जनावरं धरली होती. खोडीनं अडलेलं कुठलं आणि भिऊन अडलेलं कुठलं, हे त्यांना डोळे मिटून कळायचं. ताईंचा हात लाकडासारखा कडक झाला होता आणि आतून थरथरत होता. विधेयकाचे कागद त्यांनी दुसऱ्या हातानं छातीशी घट्ट धरले होते, त्यामुळे विरोधी पक्षनेत्याला हात सापडेना, त्यानं कोपर धरलं.

"डॉक्टर," ताई अगदी हळू म्हणाल्या. "सोडा हो. तुम्ही मागे घेऊ शकता. घ्या ना मागे."

"ताई, मला माहीत नव्हतं," डॉक्टर पुटपुटले.

"आता माहीत आहे ना?"

दोन बाकांमधल्या त्या वाटेवरून ती तिघं चालली होती आणि दोन्हीकडची माणसं हसत होती, हात पुढे करून ताईंच्या पाठीवर थोपटत होती. चार शब्द डॉक्टरांच्या जिभेवर होते. पण साहेब अगदी समोर उभे होते, टाय नीटनेटका, आणि हसता हसता डॉक्टरांकडेच बघत होते. डॉक्टरांना वाटलं, अजून तीन पायऱ्या आहेत, वर गेल्यावर बोलू. पायऱ्या चढून झाल्या. वाटलं, आता बसायच्या आत बोलू. भित्र्या माणसाला नेहमी पुढच्या क्षणात आपण शूर होणार असं वाटत असतं. वयस्कर सदस्य खुर्चीतून उठले, विरोधी पक्षनेत्यानं कोपर सोडलं, आणि ताई उभ्याच राहिल्या, खुर्चीला पाठ न लावता, डॉक्टरांकडे बघत. त्या वाट बघत होत्या. डॉक्टरांनी नजर खाली घातली आणि त्यांना बसवलं.

आपण बसवलं. हात आपला होता. जागेवर परत येताना त्यांच्या मनात एवढंच होतं.

अभिनंदनाची भाषणं झाली. साहेब ताईंच्या त्यागाबद्दल बोलले. मग सचिवांनी वर कागद दिला. ताईंनी तो वाचला, समोर बघितलं, आणि विषय पुकारला. त्यांच्याच विधेयकाचा विषय. आवाज स्वच्छ होता, इस्पितळात नावं पुकारतात तसा.

"मांडणारे सदस्य?"

कुणीही उठलं नाही. रिकामी जागा डॉक्टरांच्या शेजारीच होती.

"मांडणारे सदस्य?" ताईंनी पुन्हा विचारलं. रीत दोनदा विचारायची होती.

डॉक्टर ताडकन उठले. "ताई, मी मांडतो!"

थोडं हसू उसळलं. सभागृहात ताई म्हणायचं नसतं. प्रतोद खालून त्यांचा कोट ओढायला लागले. डॉक्टरांनी कोट हिसकावून घेतला, तीन निवडणुकांत पहिल्यांदाच. "मी मांडतो. दगडाच्या गिरण्यांवर फवारे, आणि औषधपाण्याचा खर्च. मला सगळं पाठ आहे, मी शेजारी बसून इतकी वर्षं ऐकलंय. अध्यक्ष महोदया, माझी चूक झाली. मला नियम माहीत नव्हता, आणि माहीत झाल्यावरही मी गप्प बसलो. ते विधेयक मी मांडतो!"

"सन्माननीय सदस्यांना तसं करता येणार नाही," ताई म्हणाल्या. "नियम स्पष्ट आहे. खाली बसावं."

"मी नाही बसणार!"

आता कुणी हसत नव्हतं. साहेबांनी मान वळवून बघितलं. डॉक्टर उभेच राहिले, आणि त्यांना वाटलं, हे बघा, ताई, मी उभा आहे, उभा राहता येतं मला.

ताईंनी समोरचा माइक हातानं बाजूला केला आणि किंचित पुढे वाकल्या. पुढच्या रांगांना ऐकू गेलं, चौथ्या रांगेलाही गेलं.

"आत्ता काय उपयोग, डॉक्टर?" त्या म्हणाल्या. "मघाशी हात तुमच्या हातात होता."

मग त्यांनी माइक परत जागेवर ओढला. "मांडणारे सदस्य उपस्थित नाहीत. विधेयक बाद झालं आहे."

डॉक्टर खाली बसले. ताईंनी पुढचा विषय पुकारला.